राजगडाच्या फोटोतून पुसलेले सात पोल

या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख म्हणजे 'फोटोतल्या वायरी कशा पुसाव्यात'. लेख चांगला आहे, खोटं कशाला बोलू. अजूनही दर आठवड्याला कोणी ना कोणी त्याखाली 'ताई, तुमच्यामुळे माझा सूर्यास्त वाचला' असं लिहून जातं. त्याच विद्येच्या जोरावर मी गेल्या महिन्यात पालीला जाऊन कशी तोंडावर आपटले, त्याची ही गोष्ट. भोर-वेल्ह्याकडे कॅमेरा घेऊन निघायचा बेत असेल तर रस्ता, खाणं आणि वेळा यातच सापडतील.

सुरुवात फोनने झाली. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव. त्याच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे आणि तिथे किसननाना राहतात. नाना या भागाचे वायरमन. गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत मी तिथे फिरत होते, तेव्हा नानांनी मला खालच्या भातखाचरात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "हितनं काढा, हितनं समदं दिसतंय." संध्याकाळचं ऊन गडावर पडलं होतं. मी फोटो काढला आणि त्यांच्या मोबाईलवर पाठवायचं कबूल करून ते साफ विसरले. यंदा त्यांच्या बायकोचा, शेवंतामावशींचा फोन आला.

"ताई, आमच्या मालकाची नोकरी संपतीया. रविवारी शाळंत सत्कार ठेवलाय गावानं. तुमी मागल्या साली काढला न्हाई का त्यो फोटू, त्यो मोठ्ठा करून आणाल का? त्यास्नी सांगू नका मातर."

आणते म्हणजे काय, आणतेच, म्हटलं. संगणकावर बसून तीन तास त्या फोटोवर काम केलं. बारा बाय अठरा इंचांची प्रत काढली, सागवानी रंगाची चौकट घातली आणि आमच्या ह्यांना, श्रीकांतला, दाखवली. तो गाडी चालवतो, तिकाटणं म्हणजे माझा ट्रायपॉड उचलतो आणि विचारल्याशिवाय मत देत नाही. विचारल्यावर म्हणाला, "छान आहे. कॅलेंडरवर असतो तसा." मी ते कौतुक समजले.

शनिवारी सकाळी सहाला सिंहगड रोडवरून निघालो. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, आणि चेलाडी फाट्यावरून उजवीकडे नसरापूर. सुट्टीच्या दिवशी सातच्या आत टोलनाका ओलांडला तर बरं, नंतर अख्खं पुणं तुमच्यामागे निघालेलं असतं. नसरापुरात स्टँडजवळ वडापाव आणि चहा घेतला. दोघांचं मिळून शंभराच्या आत भागलं. स्वतःची गाडी नसेल तर इथून वेल्ह्याकडे एसटी आहे आणि शेअर रिक्षाही आहेत, पण रिक्षावाला सीट भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ धरून चला. तालुक्याला आता कागदोपत्री राजगडाचं नाव मिळालंय, पण रिक्षावाल्याला विचारायचं ते वेल्हेच.

नसरापूरच्या पुढे रस्ता एकदम मोकळा होतो. दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं, मधूनच भाताची झोडणी चाललेली. एके ठिकाणी थांबून मी झोडणीचे फोटो घेतले. नवशिक्यांनी इथे एक चूक हमखास करायची असते, तेव्हा सांगून ठेवते. उडणारं भुसकट दिसावं म्हणून शटर फार वेगवान ठेवू नका. एकाला हजार, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग ठेवला की भात हवेत गोठतो आणि माणूस पुतळा दिसतो. एकाला दीडशेच्या आसपास या. हात थोडा हलला तरी चालेल, कामाचा वेग दिसतो. आणि सूर्य झोडणाऱ्याच्या मागे येईल असे उभे राहा, म्हणजे भुसकट पेटल्यासारखं चमकतं. मी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून मगच काढले. ते म्हणाले, "काढा की, आमचं काय झिजतंय."

मार्गासनी ओलांडून पालीच्या फाट्याला वळलो तेव्हा नऊ वाजले होते. शेवटचा टप्पा अरुंद आहे, समोरून टेम्पो आला तर मागे घेण्याची तयारी ठेवा. वस्तीपर्यंत गाडी जात नाही. खाली ठेवून दहा मिनिटं चढायचं. चौकट मी स्वतः छातीशी धरून नेली, श्रीकांतच्या हातात दिली नाही.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. नाना ड्युटीवर होते, शेवटचा आठवडा असला तरी. आम्हाला पाणी, गूळ, मग चहा झाला. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी एक नवा कोरा खिळा ठोकलेला होता. मावशींनी माझ्या नजरेचा माग काढला आणि हसून म्हणाल्या, "कालच मारून घेतला. म्हनलं, चौकट आली की धावाधाव नगं."

मी कागद सोडला. मावशींनी पदराला हात पुसले, चौकट उजेडाकडे धरली आणि बघत राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत होते. गडावरचं सोनेरी ऊन, पायथ्याची कौलारू घरं, पिवळी खाचरं, सगळं कसं स्वच्छ.

"ताई," त्या म्हणाल्या, "आमचं पोल कुठं गेलं?"

"कुठले पोल?"

"हे, खालनं वर येत्यात त्ये. सात हायती. ह्यात तर एक बी न्हाई."

मी ते सात पोल एकेक करून पुसले होते. तीन तास त्यातच तर गेले होते. गडाच्या अंगावरून गेलेल्या तारा पुसताना मागचा कातळ जागच्या जागी जुळवला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

मावशी रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या समजावून सांगितल्यासारखं बोलू लागल्या. "वस्तीला लाईट नव्हती तवाची गोष्ट हाय. ट्रक खालीच ऱ्हायला. शिमिटाचा पोल, ईस ईस माणूस लागायचं एकाला. आमची आळी न् वरली आळी, दोगं बी आलं. तवर आमी एका इहिरीवर बी कवा उभं ऱ्हायलो नव्हतो बगा. त्या दिशी समद्यांनी एकाच पोलाखाली खांदा लावला. नाना म्होरं, हाळी देत. आठ दिस चाललं व्हतं. म्हनून त्ये तुमास्नी त्या खाचरात घेऊन गेलं व्हतं, ह्यो गड तर काय, रोजचाच हाय."

तर नाना मला गड दाखवतच नव्हते. "हितनं समदं दिसतंय" म्हणजे सातही पोल एका नजरेत दिसतात, असं ते सांगत होते. मी मान डोलावली होती आणि मनातल्या मनात, या वायरी घरी जाऊन काढाव्या लागणार, असा हिशोब केला होता.

"उद्याच्याला लोकं बगतील," मावशी हळूच म्हणाल्या. "वरल्या आळीतली म्हातारी माणसं येनार हायती, ज्यांनी पोल उचललं त्ये. काय म्हनतील?" मग चौकट त्यांनी कागदात परत गुंडाळली. तो कोरा खिळा तसाच राहिला.

श्रीकांत एवढंच म्हणाला, "मूळ फोटो असेलच ना तुझ्याकडे?"

नव्हता. आता कान देऊन ऐका. मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलेय की फाफटपसारा ठेवू नका, निवडा आणि बाकीचं उडवा. मीही तेच केलं होतं. पोल असलेली मूळ फाईल उडवून फक्त पुसलेली ठेवली होती. तर माझा सल्ला मीच मागे घेतेय. पसारा उडवा, पण जो फोटो ठेवणार त्याची कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाईल कधीही उडवू नका. काम करायचं ते तिच्या प्रतीवर. डिस्क स्वस्त झाल्यात आणि पुसलेलं परत येत नाही.

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. मावशींना सांगितलं, चौकट असू द्या, आतला फोटो उद्या बाराच्या आत बदलून देते. सत्कार साडेबाराला होता. भोरमध्ये फोटो स्टुडिओ आहेत, त्यातल्या एकाला फोन लावून रविवारी सकाळी उघडं असेल याची खात्री करून घेतली. आता फक्त फोटो काढायचा होता.

संध्याकाळी त्याच खाचरात जाऊन उभी राहिले आणि फजिती झाली. पाली गडाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी ऊन गडावर सरळ पडतं. गेल्या वर्षी तसंच होतं. यंदा मात्र पाचपासूनच तोरण्याच्या बाजूला धुरकट थर चढला आणि सूर्य त्यात विरघळून गेला. गड राखाडी, डोंगर राखाडी, आणि राखाडीवर राखाडी तारा. एकही दिसेना. आयुष्यभर तारा नको म्हणून धडपडले आणि हव्या होत्या त्या दिवशी त्यांनी दडी मारली. पोल होते, पण तारांशिवाय ते नुसते रोवलेले खांब दिसत होते.

जेवायला मावशींकडेच होतो. इंद्रायणीचा भात, घेवड्याची आमटी आणि सुकटीची चटणी. नाना आले, जय भीम केला आणि आम्हाला बघून खूश झाले. आम्ही सत्काराला आलोय एवढंच सांगितलं. त्यांचा निम्मा वेळ फोनवर चालला होता, कोणाच्या तरी पंपाचा फ्यूज कसा बसवायचा ते सांगण्यात. पालीत राहायची सोय घरगुती आहे, आधी फोन करून या, जेवण सांगितलं तरच मिळतं.

झोपायच्या आधी मी डोकं चालवलं. तार कधी दिसते? ती बारीक आहे, तेव्हा तिच्यावर उजेड पडून ती चकाकली पाहिजे किंवा मागचं सगळं तिच्यापेक्षा काळं पाहिजे. सकाळी सूर्य गडाच्या मागून येतो. म्हणजे आपल्याकडची गडाची बाजू पूर्ण सावलीत, गर्द. सूर्य कड्याच्या वर डोकावला की पहिलं ऊन तारांच्या पाठीवर पडणार आणि मागे सावली. कोळ्याचं जाळं आपल्याला सकाळीच दिसतं, त्यातलीच गोष्ट. उजेडाकडे तोंड करून फोटो काढू नये, असं लहानपणी सगळ्यांनाच सांगतात. ते विसरा.

रविवारी सातला तिकाटणं रोवलं. मोठी लेन्स लावली, दोनशे मिलिमीटरची, कारण लांबून काढलं की दूरदूर असलेल्या वस्तू एकमेकींजवळ येतात आणि सातही पोल एका माळेत बसतात. रुंद लेन्सने हेच पोल काडेपेटीतल्या काड्यांएवढे आले असते. लेन्सचं छिद्र बारीक, आठवर, म्हणजे पहिल्या पोलापासून शेवटच्यापर्यंत सगळं रेखीव. संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, शंभर. उजेड एक पायरी कमी केला, नाहीतर कॅमेरा सावलीला घाबरून सगळं पांढरंफटक करतो. आणि श्रीकांतला त्याची टोपी लेन्सच्या वर धरून उभं केलं, सूर्याचा झोत आत शिरू नये म्हणून. लेन्सला पुढे ऊन अडवणारं हूड असतं, पण समोरून ऊन असेल तेव्हा नवऱ्याची टोपी जास्त कामाला येते.

साडेसातच्या सुमाराला कड्याच्या खाचेतून पहिली तिरीप आली. आधी वरच्या पोलावरची तार उजळली, मग तिच्याखालची, मग एकापाठोपाठ एक खालपर्यंत. काळ्याभोर डोंगरावर तीन चांदीचे दोरे ओढल्यासारखे दिसत होते. एवढी वर्षं मी हे पुसत होते.

आणि नेमका तेव्हा चौकटीत एक माणूस शिरला. वरून, तारेखालून, खांद्यावर लांब काठी घेऊन. नाना. वाऱ्याने एखादी फांदी तारेला टेकलीय का, हे बघत ते रोज सकाळी लाईनखालून उतरतात, हे मला नंतर कळलं. माझी जुनी सवय अशी की माणूस बाजूला होईपर्यंत थांबायचं. बोट बटणावरून उचललंही होतं. मग तिसऱ्या पोलापाशी ते थांबले, मान वर करून बघू लागले, आणि मी बटण दाबलं. पाच-सहा वेळा दाबलं.

खाली आल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि ओशाळल्यासारखे झाले. "बाई, जरा तिकडं सरका. हितनं तारा आड येत्यात."

"गेल्या वर्षी तर तुम्हीच इथे उभं केलं होतं मला."

"केलं व्हतं," नाना म्हणाले. "पर मागनं लई वाईट वाटलं. गडावर येणारी समदी पोरं म्हनत्यात, ह्या पोलांनी फोटूचा सत्यानास केला. एक जण तर म्हनला, कुनी उभं केलं हे हितं? मी म्हनलं, काय की."

काय की! ज्याने ते पोल उभे केले तो माणूस कोणा परक्या पोरासमोर 'काय की' म्हणाला होता. त्या पोराला कदाचित वायरी पुसायला माझ्याच लेखाने शिकवलं असेल. मला अतिशय लाज वाटली.

"नाना, आज मी तारांसाठीच आलेय," मी म्हणाले. त्यांनी काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि जरा वेळ आपल्या लाईनकडे बघत उभे राहिले.

आठला निघालो. पालीहून भोरला मागे नसरापूर, चेलाडी, मग महामार्गाने कापूरहोळ आणि तिथून आत. दीड तास धरा. श्रीकांत गाडी चालवत होता आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होते. काम थोडंच होतं. सावल्या उजळायचा मोह होतो, तो टाळा, इथे सावलीच तारांना दाखवत होती. धुकं कमी करण्याची पट्टी अगदी थोडी सरकवली. धार फक्त तारा आणि पोलांपुरती वाढवली, आभाळाला लावली असती तर तिथे रव्यासारखे ठिपके उठले असते. शेवटी अख्खा फोटो जरासा उजळ केला, कारण पडद्यावर जे दिसतं ते कागदावर नेहमी थोडं काळवंडतं. भाटघरला धरणाच्या पाण्यावरून वाफा निघत होत्या आणि एक बगळा अगदी हवा तिथे उभा होता. श्रीकांतने वेग कमी केला. मी म्हटलं, चल.

भोरच्या स्टुडिओतले काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते. पेनड्राइव्ह लावला, फोटो उघडला, आणि त्यांनी सवयीने माउस हातात घेतला.

"वायरी काढून टाकू का ताई? दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेला माणूस उठून उभा राहिला. श्रीकांत दुकानाबाहेर जाऊन हसून आला.

बारा वाजून पाच मिनिटांनी मावशींच्या घरी नवा फोटो जुन्या चौकटीत बसला. मावशींनी बोट न टेकवता मनातल्या मनात मोजलं, ओठ हलताना दिसले. सातावर येऊन मान हलवली.

शाळेच्या ओट्यावर सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. नानांनी चौकट हातात घेतली. मग वरच्या आळीतले एक म्हातारे पुढे आले, आणखी दोघे आले आणि बोट लावून लावून बोलू लागले. ह्यो माझा, ह्याला मी मागल्या अंगाला व्हतो. ह्यो चढाला घसरला व्हता. तवा रामा खाली आला असता बग. फोटोत मध्यभागी मान वर करून उभा असलेला माणूस कोण, हे कोणी विचारलंच नाही, नानांनीही नाही. ते फोटोला नाक लावून बघत होते आणि एकदम म्हणाले, "आरं, तिसऱ्याचा ताण सैल झालाय."

ताण म्हणजे पोल कलू नये म्हणून त्याला तिरकी बांधून जमिनीत रोवलेली तार. मी निरखून पाहिलं. खरंच, बाकीच्या सरळ रेषा होत्या आणि तिसऱ्याची मध्यभागी किंचित लोंबली होती. दोनशेच्या लेन्सने आणि आठच्या छिद्राने ती हुबेहूब टिपली होती. माझ्या ध्यानात ती कधीच आली नसती. लापशी, भात, वरण असं जेवण झालं. पंगत उठेपर्यंत नाना गायब होते. मावशी म्हणाल्या, कुठं जातील, गेलं असतील पान्हा घिऊन. शाल खुर्चीवर होती.

घरी येऊन आता महिना झाला. वायरी पुसण्याचा लेख मी काढलेला नाही. त्याच्या वर एक ओळ घातली आहे: पुसण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, ते कोणी उभं केलं. माझी पुसलेली प्रत मी आमच्याच दिवाणखान्यात लावली आहे. येणारे-जाणारे कौतुक करतात, किती स्वच्छ आलाय म्हणतात. मग मी उठते आणि मोकळ्या डोंगरावर बोट ठेवून दाखवते, पहिला इथे, दुसरा इथे, आणि हा तिसरा, याचा ताण नानांनी निवृत्तीच्या दुपारी आवळला.